बारावीच्या इतिहासासाठी सुट्टीतले वाचन: इंदूरच्या मराठी घरांसाठी काही सूचना

आपल्याकडे बहुतेक सीबीएसई शाळांत बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात, हडप्पाचा एखादा धडा घाईघाईने उरकला जातो आणि मग उन्हाळ्याची सुट्टी लागते. इतिहास घेतलेला विद्यार्थी या सुट्टीत सहसा दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर पुस्तक जूनपर्यंत कपाटात राहते, नाहीतर खजुरी बाजारातून गाईड आणून त्यातली उत्तरे पाठ करण्यास आरंभ होतो. दुसरा मार्ग अभ्यासासारखा दिसतो म्हणून घरची मंडळी निश्चिंत असतात; पण माझ्या मते तो पहिल्यापेक्षाही वाईट आहे, कारण पाठ केलेले उत्तर डिसेंबरपर्यंत टिकत नाही आणि पाठांतराची सवय मात्र टिकते.

सुट्टीत अभ्यासक्रम पुढे ढकलण्याची गरज नाही. एखादे जुने साधन हाती आल्यावर ते वाचावे कसे, एवढे शिकून घेतले तरी पुरे, आणि ते शिकण्यासाठी मराठी घरातील मुलाच्या हाताशी जी सामग्री आहे ती त्याच्या वर्गातील इतर मुलांपाशी नसते. शाळेचे माध्यम हिंदी असो वा इंग्रजी, घरात मराठी बोलली आणि वाचली जात असेल, तर बारावीच्या पुस्तकातील किमान तीन प्रकरणांशेजारी मराठीतील अस्सल पुस्तक ठेवता येते.

प्रश्नपत्रिकेची रचना आधी पाहून घ्यावी, म्हणजे हा आग्रह कशासाठी ते कळेल. एनसीईआरटीच्या पुस्तकाचे तीन भाग आहेत आणि सध्या त्यांत मिळून १२ प्रकरणे आहेत. लेखी परीक्षा ८० गुणांची आणि प्रकल्प २० गुणांचा. लेखी परीक्षेत प्रत्येक भागाला २५ गुण आणि नकाशाला ५ गुण असतात. एक गुणाचे २१ प्रश्न, तीन गुणांचे सहा, आठ गुणांचे तीन आणि उताऱ्यावर आधारलेले चार गुणांचे तीन, अशी अलीकडच्या वर्षांतील विभागणी आहे. उताऱ्याचे १२ गुण थोडे वाटतील. परंतु आठ गुणांच्या उत्तरात साधारण ३०० ते ३५० शब्दांत जे मांडायचे असते, तेही साधनांच्या आधारावाचून पोकळ होते.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या एका मुलाला मी मोठ्या उत्साहाने अकरा पुस्तकांची यादी लिहून दिली होती. जुलैत त्याला विचारले, तेव्हा त्याने अकराही पुस्तकांच्या प्रस्तावना वाचल्या होत्या, त्यापुढे काही नाही. दोष त्याचा नव्हता. सुट्टी पाच-सहा आठवड्यांची, त्यात आत्याकडचे लग्न, आजोळची फेरी आणि दुपारी डोके चालू न देणारे ऊन. त्यामुळे आता मी तीनच पुस्तके सांगतो. माळव्याच्या रात्री अजूनही बऱ्यापैकी गार असतात. रात्री जेवणानंतर तासभर आणि पहाटे तासभर एवढे वाचन झाले तरी या तीन पुस्तकांना वेळ पुरतो.

आरंभ दख्खनच्या दंग्यापासून करावा

पुस्तकाचा क्रम पाळून हडप्पापासून आरंभ करू नये. तिसऱ्या भागातील, वसाहतकाळातील खेड्यांवरचे प्रकरण आधी घ्यावे आणि त्यातला दख्खनच्या दंग्याचा भाग उघडावा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी आसपासच्या खेड्यांतील रयत जमली, सावकारांच्या दुकानांवर चालून गेली आणि वह्या व कर्जरोखे मागू लागली. जे हाती आले ते जाळले. रयतेचा सारा रोख कागदांवर होता, हे मुलाच्या प्रथम ध्यानात यावे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरवली. व्याज साचत जाऊ नये हा त्याचा हेतू होता. सावकारांनी मात्र दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव होता तोवर सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. युद्ध संपले, भाव कोसळले आणि त्यांनी हात आखडला. हा दुवा एकदा जुळला की मँचेस्टर, मुंबई आणि सुपे एकाच ओळीत दिसू लागतात.

याच प्रकरणात कर्जत तालुक्यातील मिरजगावच्या एका रयतेने अहमदनगरच्या कलेक्टरला दिलेला अर्ज छापला आहे. (हे कर्जत नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. मुंबईजवळच्या कर्जताशी त्याची गल्लत मोठी माणसेही करतात.) या अर्जावर एक प्रयोग करावा. इंग्रजी वा हिंदी पुस्तकातला तो मजकूर विद्यार्थ्याने मराठीत आणावा, आणि तोही आजच्या वर्तमानपत्री मराठीत न आणता, गावाकडचा माणूस साहेबापुढे उभा राहून जसे बोलेल तसा आणावा. शब्दापाशी अडेल तेथे आजी-आजोबांना विचारावे. सावकार, रयत, गहाणखत, मुद्दल, जामीन हे शब्द पुस्तकात शेवटी दिलेल्या व्याख्यांसारखे आले की परके वाटतात; आजीच्या तोंडून आले, की त्यांच्यामागे माणसे उभी राहतात. अर्जदार कशाची तक्रार करतो आणि कशाबद्दल गप्प राहतो, हेही भाषांतर करतानाच ध्यानात येते. नुसते वाचताना डोळा पुढे सरकतो, भाषांतर करताना त्याला थांबावे लागते.

मग महात्मा फुल्यांचे 'शेतकऱ्याचा असूड' घ्यावे. ते १८८३ मधले, म्हणजे दंग्यानंतर आठ वर्षांतले. सर्व वाचलेच पाहिजे असे नाही. पहिली दोन प्रकरणे सावकाश वाचावीत. महाराष्ट्र शासनाने फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले आहे, ते सहज मिळते. पाठ्यपुस्तकात सांगितलेच आहे की, सरकारी महसुलाची मागणी हे दंग्याचे कारण होते का, याचा विचार दंग्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने विशेषकरून करावयाचा होता आणि पुरावा पाहून त्याने निष्कर्ष काढला की सरकारची मागणी कारण नव्हे, दोष सावकारांचा. आता फुले कोणाकोणाला जबाबदार धरतात ते पाहावे: कचेरीतले अंमलदार आणि कारकून, कोर्टकचेऱ्यांचा फेरा, धर्माच्या नावाने होणारी लूट, शेतसारा आणि त्याच्या जिवावर चाललेले सरकार. आयोगाने ज्याला निर्दोष सोडले, त्याला फुले सोडत नाहीत. दोन्ही मते वहीच्या समोरासमोरच्या पानांवर लिहिली, की आठ गुणांच्या उत्तराचा सांगाडा विद्यार्थ्याने स्वतः तयार केलेला असतो.

वहीबद्दल येथेच सांगतो. लांब दोनशेपानी वही घ्यावी. डाव्या पानावर साधन काय म्हणते ते थोडक्यात आणि आपल्या शब्दांत लिहावे. उजव्या पानावर चार प्रश्न घालून घ्यावेत: हे कोणी लिहिले, घटनेनंतर किती काळाने लिहिले, कोणी वाचावे म्हणून लिहिले आणि लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलेले किती, ऐकलेले किती. रंगीत पेनांची सजावट, चौकटी आणि बाण यांत वेळ दवडू नये.

गोडसे भटजींबरोबर सत्तावन सालात

उजव्या पानावरचे हे चार प्रश्न विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या पुस्तकावर जितके उत्तम चालतात, तितके मराठीत दुसऱ्या कोणत्याही पुस्तकावर चालत नसतील. पेणजवळच्या वरसईचा हा कर्जात बुडालेला भिक्षुक. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, या आशेने तो काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाला. महूच्या आसपास असतानाच त्यांच्या कानावर बंडाची वार्ता आली. महू आपल्यापासून पाऊण तासाच्या अंतरावर. मुलाने हे पान वाचताना नकाशा उघडून ठेवावा. पुढे ते झाशीत पोचले, आणि इंग्रज सेनापती ह्यू रोजच्या सैन्याने वेढा घालून १८५८ च्या एप्रिलमध्ये शहर घेतले तेव्हा विष्णुभट आतच होते. अखेर पैशांऐवजी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले.

आता प्रश्न. त्यांनी हे लिहिले घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून आणि आपल्या हयातीत छापू नये या अटीवर. वैद्यांनी ते १९०७ साली छापले, पण भाषेवर हात फिरवून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये वेगळी आवृत्ती काढली. वाचनालयातून घेताना कोणती आवृत्ती हाती आली आहे ते अवश्य पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. एकाच साधनाची दोन रूपे असू शकतात, ही गोष्ट सोळाव्या-सतराव्या वर्षी कळणे फार मोलाचे आहे.

इंग्रजांनी धर्म बुडवणारी ८४ कलमे राजेलोकांपुढे ठेवली, असे विष्णुभट बंडाचे कारण म्हणून सांगतात. ही वदंता आहे. परंतु ती खोटी म्हणून वगळणारा विद्यार्थी गुण गमावतो. पाठ्यपुस्तकात काडतुसांना लावलेली चरबी, पिठात मिसळलेली हाडांची पूड, गावोगाव फिरणाऱ्या चपात्या आणि प्लासीच्या शंभराव्या वर्षी, म्हणजे २३ जून १८५७ रोजी, राज्य जाणार ही भविष्यवाणी, यांची चर्चा आहे; अफवा लोकांना का पटल्या, हा तेथला प्रश्न आहे. विष्णुभटांची ८४ कलमे त्याच माळेतली. झाशीच्या वेढ्यात त्यांनी जे डोळ्यांनी पाहिले ते एका रंगाच्या शाईने, आणि जे कानावर आले ते दुसऱ्या रंगाने, असे दोन-तीन प्रकरणांपुरते करून पाहावे. (वहीत रंग वापरण्याला माझी संमती आहे ती एवढ्यापुरती.) राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरला पडल्या ती तारीख कोठे १७ जून, तर कोठे १८ जून १८५८ अशी मिळते, मुलाला ही तफावत दिसली तर कोणती बरोबर ते सांगून टाकू नये, शोधू द्यावे.

प्रकल्पाचा विषयही येथेच हाती लागतो. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर, म्हणजे इंग्रज प्रतिनिधीच्या कोठीवर, हल्ला झाला, सआदत खान त्याच्या अग्रभागी होता, आणि तेथला इंग्रज प्रतिनिधी कर्नल ड्युरंड सिहोरच्या दिशेने निघून गेला. दुसरे तुकोजीराव होळकर यांचा यात हात होता असा संशय ड्युरंडने घेतला, महाराजांनी तो नाकारला. रेसिडेन्सी कोठी अजून उभी आहे. इंटरनेटवरून चित्रे उतरवून महात्मा गांधींवर तयार केलेल्या चाळीस एकसारख्या प्रकल्पांत हा एक वेगळा उठून दिसेल, हे परीक्षकाच्या बाजूने पाहिले तरी पटावे.

उरलेल्या प्रकरणांविषयी

तिसरे पुस्तक इरावती कर्वे यांचे 'युगान्त'. नातेसंबंध आणि जातिव्यवस्थेवरचे प्रकरण महाभारताभोवती रचले आहे आणि त्याचा आरंभच पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या चिकित्सक आवृत्तीपासून, म्हणजे अनेक हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेल्या महाभारताच्या संहितेपासून, होतो. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम ४७ वर्षे चालले. कर्वे त्याच आवृत्तीच्या आधारे, समाजशास्त्रज्ञाच्या नजरेने गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे पाहतात. कुंतीवरचा लेख आधी वाचावा. याच प्रकरणात मंदसौरच्या पाचव्या शतकातील शिलालेखाची गोष्ट आहे: लाट देशातून, म्हणजे गुजरातेतून, दशपुरास (हे मंदसौरचे जुने नाव) आलेले रेशीम विणकर आणि त्यांनी बांधलेले सूर्यमंदिर. मंदसौर म्हटले की होळकरांचा १८१८ चा तह आठवणाऱ्या आपल्या घरांत हे मंदसौर सहसा कोणाला ठाऊक नसते.

भक्ती-सूफी प्रकरणाला स्वतंत्र पुस्तक नको; घरात जनाबाईचे अभंग असतीलच, ते तमिळ शिवभक्त संत-कवयित्री कारैक्काल अम्मैयारच्या ओळींशेजारी ठेवून वाचावेत. विजयनगर आणि मुघलकालीन शेती ही प्रकरणे शाळेवर सोडावीत. संविधानाच्या प्रकरणासाठी १३ डिसेंबर १९४६ चा उद्दिष्टांचा ठराव आणि २५ नोव्हेंबर १९४९ चे डॉ. आंबेडकरांचे भाषण एवढे मुळातून वाचले तरी चालेल.

नकाशा रोज दहा मिनिटे, कोऱ्या नकाशावर, पुस्तक मिटून. अवंती आणि उज्जैन आपल्या अंगणातली, ती चुकू नयेत. चुकतात ती बनावली आणि बालाकोट ही हडप्पाकालीन स्थळे. सांचीला जाणे जमले तर तोरणांची छायाचित्रे काढून परतू नये. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंती काम करणाऱ्यांनी कोरीवकाम केल्याचा लेख आहे. एवढा प्रचंड स्तूप कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या हातांनी उभा राहिला, याचे उत्तर तेथे दगडावर लिहिलेले आहे.

शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यात दख्खनचा दंगा आणि सत्तावन या दोन विषयांवर एकेक मोठे उत्तर घड्याळ लावून लिहावे, आणि ते घरातील इतिहास न शिकलेल्या कोणाला तरी, काकांना किंवा मोठ्या ताईला, वाचायला द्यावे. जेथे ते थांबून "म्हणजे काय?" असे विचारतील, तेथे वहीचे उजवे पान पुन्हा उघडावे.