पोडावरून (कोलामांच्या वस्तीवरून) कॉलेजात: शिष्यवृत्तीची तयारी आठवीपासून

यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी, मारेगाव, पांढरकवडा या भागातली आपली पोरं बारावीच्या निकालानंतर भेटतात तेव्हा विचारतात, "दादा, शिष्यवृत्तीला किती टक्के लागतात?" मी उलट विचारतो, आज्याचे कागद आहेत का? मी कोलाम आदिवासी, घरातला पहिला पदवीधर. माझं कॉलेज शिष्यवृत्तीवरच झालं, आणि त्यात गुणांपेक्षा कागदांनीच जास्त घाम काढला.

जातीचा दाखला एसडीओ (प्रांत) ऑफिसातून मिळतो. पण मेडिकल-इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशाला व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र लागतं, आणि तिथे ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा असला की काम सोपं होतं. ज्या आज्याने शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्याचं नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात कुठून सापडणार? मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये कोतवाल बुकाची नक्कल मागायची. त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदीत जात लिहिलेली असते. सख्ख्या आज्याची नसली तर चुलत आज्याची शोधा, वंशावळ मात्र जुळली पाहिजे. एका कागदावर भीमा आणि दुसऱ्यावर भीमराव असेल, तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. अकरावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत प्रस्ताव टाका. बारावीच्या निकालानंतर धावाधाव केली की प्रवेशाच्या तारखा थांबत नाहीत.

आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पास होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. जिल्हा परिषदेच्या शाळेतला पोरगा बसू शकतो, सरकारी आश्रमशाळेत राहणारा नाही. का, तर त्याचं राहणं-खाणं सरकार करतं म्हणून. मला हा नियम कधीच पटला नाही. जेवणाच्या ताटातून गाईडचे पैसे निघत नाहीत.

दहावीनंतर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा फॉर्म. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. फॉर्म भरला म्हणजे झालं, असं समजू नका. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो आणि कित्येकदा तिथेच पडून राहतो. बाबूंना दर आठवड्याला विचारत राहा, लाजू नका. दरवर्षी नूतनीकरण करायचं असतं, तेही पोरं विसरतात.

सरकारी वसतिगृहात नंबर लागला तर उत्तमच. नाही लागला तर बारावीनंतरच्या शिक्षणासाठी आदिवासी विकास विभागाची स्वयं योजना आहे. नागपूरसारख्या मोठ्या शहरात जेवण, राहणं आणि इतर खर्च धरून वर्षाला ६०,००० रुपये, लहान ठिकाणी कमी. ज्या शहरात कॉलेज, तिथलाच रहिवासी असेल तर मिळत नाही.

पैसे उशिरा येतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. कापूस विकला की पहिल्या सहामाहीचं खोलीभाडं बाजूला काढायला लावा. आणि बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते बघा. शाळेत काढलेलं एक खातं, नंतर काढलेलं दुसरं, असं असलं की पैसे जोडलेल्या खात्यात जातात आणि पोरगा दुसऱ्याच पासबुकावर एंट्री मारत बसतो.

आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात काही द्यायचं असेल तर दोन प्रती न्या, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.