ओळ पुसली की भाव भलत्याच गावाला?

फ्लटरमध्ये (ॲप बनवायच्या साधनात) कांदाभावाची यादी केली: लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, सिन्नर. प्रत्येक ओळीत भाव टाकायची चौकट. पिंपळगावची ओळ पुसली, तर तिचा आकडा येवल्यापुढे, येवल्याचा सिन्नरपुढे. ओळीला ‘की’ (key, म्हणजे ओळखखूण) नसेल तर फ्लटर जुनी स्टेट (चौकटीत टाकलेला आकडा वगैरे) जोडताना विजेटचा (पडद्यावरच्या घटकाचा) प्रकार आणि जागा एवढंच बघतो.

१. प्रत्येक नोंदीला कायमचा आयडी द्या.

२. ओळीच्या विजेटला व्हॅल्यू-की लावा, तिच्यात तोच आयडी. की सगळ्यात बाहेरच्या विजेटला हवी; ओळ पॅडिंगमध्ये (भोवती मोकळी जागा सोडणाऱ्या विजेटमध्ये) गुंडाळली असेल तर पॅडिंगलाच. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

३. लिस्टव्ह्यू-बिल्डर (लागतील तशा ओळी बनवणारी यादी) वापरत असाल तर फाइंड-चाइल्ड-इंडेक्स-कॉलबॅकही (‘की’वरून ओळीची नवी जागा सांगणारं फंक्शन) द्या. नाहीतर क्रम बदलला की स्टेट सरकण्याऐवजी पुसली जाऊ शकते.

इंडेक्सची (ओळीच्या क्रमांकाची) की करू नका, ओळ गेली की तोही बदलतो. आणि बिल्डमध्ये (विजेट बनवणाऱ्या फंक्शनमध्ये) युनिक-की (दर वेळी नवी बनणारी की) तर मुळीच नको: दर रीबिल्डला चौकट नव्याने बनते, कीबोर्ड मिटतो, आणि लिलावात उभ्याउभ्या कुणी अर्धवट टाकलेला भाव गायब.