क्लेम आला म्हणजे चॅनल गेला नाही: फिल्मी व्हिडिओ टाकणाऱ्या कोकणातल्या मंडळींनो, या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाडीतला एक मुलगा घाबऱ्याघुबऱ्या आला. हातात मोबाइल. “काकानू, माझो चॅनल गेलो काय?” त्याने देवबागच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतानाचा व्हिडिओ काढला होता. त्यात त्याचे आजोबा दोर धरून पुढे होते. खाली त्याने आपल्या आवडत्या हिरोच्या सिनेमातलं गाणं लावलं. यूट्यूबचा ‘कॉपीराइट’ शब्द असलेला मेल आला आणि भीतीने त्याने तो व्हिडिओच डिलीट केला. मोबाइल भरला म्हणून मूळ फाइल आधीच उडवलेली. मुंबईच्या चाकरमान्यांनी खाली लिहिलेल्या आठवणीही गेल्या.

मेल पाहिला, तर तो साधा क्लेम, म्हणजे गाण्यावरच्या मालकीचा दावा होता. व्हिडिओ जागेवर राहिला असता, फक्त त्यावरच्या जाहिरातीचे पैसे गाण्याच्या कंपनीकडे गेले असते. ती रापण परत मिळाली नाही याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतो आहे.

क्लेम आणि स्ट्राइक यांत गल्लत

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. क्लेम बहुतेक वेळा मशीन लावतं. कंटेंट आयडी ही यंत्रणा तुमचा व्हिडिओ कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून बघते आणि जुळलं की क्लेम टाकते. मग मालक ठरवतो की व्हिडिओ चालू ठेवून कमाई घ्यायची, नुसती आकडेवारी बघायची, की व्हिडिओ अडवायचा. एरवी क्लेमने चॅनलला धोका नसतो. स्ट्राइक वेगळा. मालकाने रीतसर कायदेशीर तक्रार केली आणि व्हिडिओ काढला गेला, की स्ट्राइक लागतो. तो ९० दिवस राहतो, पहिल्या वेळी कॉपीराइट स्कूल नावाचा छोटा पाठ पूर्ण करावा लागतो आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले तर चॅनल बंद होऊ शकतो. व्हिडिओ डिलीट केल्याने स्ट्राइक पुसला जात नाही.

म्हणून मेल आला की आधी यूट्यूब स्टुडिओ उघडा आणि व्हिडिओसमोर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. क्लेम असेल तर तीन वाटा तिथेच दिलेल्या असतात: तेवढा तुकडा कापणे, गाणं बदलणे किंवा फक्त गाणं म्यूट करणे. शेवटच्या पर्यायात यूट्यूब फक्त गाणं काढून बाकीचा आवाज ठेवायचा प्रयत्न करतं. आमच्या मुलाने हे केलं असतं तर व्हिडिओ राहिला असता आणि कदाचित रापणकरांच्या हाकाही. पुढच्या वेळी व्हिडिओ आधी प्रायव्हेट ठेवून चढवा, तपासणी पूर्ण होऊ द्या आणि मगच तो सगळ्यांसाठी खुला करा.

गाणं एकाच मालकाचं समजणं

चित्रपटातल्या एका गाण्यात किमान चार थर असतात. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची, ध्वनिमुद्रण बहुधा म्युझिक कंपनीचं, पडद्यावरची दृश्यं निर्मात्याची. क्लेम आला की कोणता थर लागला ते बघा, उपाय त्यावरच ठरतो. दृश्य लागलं असेल तर गाणं म्यूट करून काही होत नाही.

हे थर आपल्याकडे फार जाणवतात. डबलबारीचं, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याचं उदाहरण घ्या. बुवा अभंग गातात, पखवाज घरचा, झांजा घरच्या, पण गजराची चाल गाजलेल्या सिनेमाच्या गाण्याची. रेकॉर्डिंग तुमचं असलं तरी मशीन चालही ओळखतं आणि क्लेम येतो. बुवांनी चोरी केली असा त्याचा अर्थ नाही. एक थर दुसऱ्याचा आहे, एवढंच. जाखडी या आपल्या लोकनृत्याच्या गाण्यांचंही तेच.

उलटंही घडतं. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ ही आरती समर्थ रामदासांची, सतराव्या शतकातली. तिचे शब्द आज कोणाच्या मालकीचे नाहीत. पण कोण्या गायकाने गायलेलं, कंपनीने काढलेलं तिचं रेकॉर्डिंग मालकीचं असतं. तेव्हा ते रेकॉर्डिंग लावलेल्या व्हिडिओवर क्लेम आला तर तो बरोबर. घरच्यांनी टाळ वाजवत, पारंपरिक चालीत म्हटलेल्या आरतीवर आला तर मात्र निमूटपणे सोडू नका, डिस्प्यूट करा, म्हणजे यूट्यूबवर त्या क्लेमला हरकत घ्या. क्लेम करणाऱ्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. डिस्प्यूटच्या चौकटीत “कृपया सोडा, मी गरीब विद्यार्थी आहे” असं लिहू नका. “आरतीचे शब्द सतराव्या शतकातले आहेत, चाल पारंपरिक आहे, आवाज आमच्या कुटुंबाचे आहेत, कोणतंही विकतचं रेकॉर्डिंग वापरलेलं नाही” एवढं सरळ लिहा. आणि हक्क नसताना डिस्प्यूट करत सुटू नका. तो नाकारला गेल्यावर तुम्ही अपील केलं, तर समोरचा थेट तक्रार करू शकतो, आणि साध्या क्लेमचा स्ट्राइक तिथे होतो.

फॅन मंडळींचे ऐकीव नियम

“दहा सेकंद चालतात.” “तीस सेकंदांपर्यंत काही होत नाही.” सेकंदांची अशी सूट कायद्यात कुठेही नाही. गाण्याचा वेग वाढवणं, चित्र आरशासारखं उलटं करणं, भोवती चौकट लावणं, हे उपाय तर करूच नका. मशीन चुकलं तरी मालक चुकत नाही, आणि मुद्दाम लपवल्याचं दिसलं की समोरच्याची सहानुभूतीही जाते.

क्रेडिट देणं चांगलं, पण क्रेडिट म्हणजे परवानगी नव्हे. कित्येक फॅन व्हिडिओंखाली एक इंग्रजी परिच्छेद चिकटवलेला दिसतो, त्यात १९७६ च्या कायद्याचं कलम १०७ असतं. तो अमेरिकेचा कायदा आहे! आपला कायदा १९५७ चा, आणि टीका किंवा परीक्षणासाठी उचित वापराची मुभा त्याच्या कलम ५२ मध्ये आहे. ती मुभा परिच्छेद चिकटवून मिळत नाही, कामातून मिळवावी लागते. सिनेमाबद्दल बोला. छायाचित्रण का आवडलं, संवाद कुठे पडला, कोकण दाखवताना काय खोटं वाटलं ते सांगा आणि त्या मुद्द्यापुरतंच दृश्य दाखवा. दोन तासांची गोष्ट दहा मिनिटांत दृश्यांसकट सांगणं हे परीक्षण नाही.

थिएटरात मोबाइल वर करणं

इथे मी कळकळीने सांगतो. आपल्या भागात थिएटरं मोजकी. गावातून गाडी काढून सिनेमाला जायचं म्हणजे सोहळाच. हिरोची एंट्री, शिट्ट्या, आणि वीसेक मोबाइल वर. पोरांना वाटतं, स्टेटसच तर आहे. पण २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. थिएटरात चित्रपटाची किंवा त्याच्या काही भागाची बेकायदा प्रत करण्याच्या हेतूने रेकॉर्डिंग केलं तर किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि किमान तीन लाख रुपये दंड. दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तीन लाख रुपये म्हणजे आपल्याकडच्या कित्येक घरांचं वर्षाचं उत्पन्न. शिट्टी मारा, नाचा, पण मोबाइल खिशात ठेवा. स्टेटसला तिकिटाचा किंवा बाहेरच्या पोस्टरसमोरचा फोटो लावा. उत्सवात टेलिग्रामवरून उतरवलेली प्रिंट प्रोजेक्टरवर लावण्याचा आग्रह कोणी धरला, तर मंडळाच्या जाणत्यांनी तिथेच थांबवावं.

लग्नाचं थोडक्यात. लग्नसमारंभात आणि वरातीत गाणी वाजवायला कायद्याने सूट दिली आहे. ती तिथे वाजवण्यापुरती. त्याच गाण्यांसकट व्हिडिओ ऑनलाइन टाकणं हा वेगळा विषय.

होमस्टे आणि खानावळवाल्यांनीही जपायला हवं. इन्स्टाग्रामवर पर्सनल खात्याला मिळणारी फिल्मी गाणी धंद्याच्या जाहिरातीसाठी नसतात. बिझनेस खात्याला वेगळा संग्रह दिलेला असतो, तोच वापरा. समुद्राची गाज तर फुकट आहे.

जुना सिनेमा म्हणजे मोकळा सिनेमा?

आपल्याकडे चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६० साली आलेला चित्रपट २०२० संपताच मोकळा झाला. १९७५ सालचा अजून नाही, आजोबांनी तरुणपणी पाहिला असला तरी. शिवाय गीतकार आणि संगीतकार यांच्या हक्काची ६० वर्षं त्यांच्या मृत्यूनंतर मोजली जातात. म्हणजे चित्रपट मोकळा झाला तरी त्यातल्या गाण्याचे शब्द बांधलेले असू शकतात.

आपलंच चोरीला गेलं तर

तुम्ही काढलेला व्हिडिओ तुमचा असतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. कोणी उचलून टाकला तर कॉमेंटमध्ये शिव्या देण्यात वेळ घालवू नका. यूट्यूबच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये दोन्ही लिंक द्या. त्यासाठी मूळ फाइल सांभाळायला हवी. एक जुनी हार्ड डिस्क पुरते.

आणि हाच न्याय दशावतारालाही लावा. जत्रेत रात्रभर नाटक लाइव्ह करणारे चाहते प्रेमानेच करतात, मला ठाऊक आहे. पण कलाकाराचा आपल्या सादरीकरणावर कायद्याने ५० वर्षं हक्क असतो, आणि ते नाटक हेच त्या मंडळींचं पोट. कलाकार रंग लावायला बसण्याआधी नाटक कंपनीच्या मालकांना भेटा. किती वेळ दाखवू, कोणत्या चॅनलवर टाकू, कमाई झाली तर काय करू, ते विचारा. ते हो म्हणाले तर तेवढंच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. नाही म्हणाले तर कॅमेरा बंद करून पुढे बसा.