शेवट सांगून टाका : शॉर्ट फिल्मच्या व्हिडिओ पिचविषयी

व्हिडिओ पिच म्हणजे ट्रेलर नव्हे. हे तुम्ही ऐकलेलं आहे, त्यावर मान डोलावलेली आहे, आणि तरीही आत्ता तुमच्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर कुठून तरी उचललेला ड्रोन शॉट, मग काळा पडदा, मग ढोलाचा एक ठोका असं काहीतरी पडलेलं असणार. तेवढं आधी काढून टाका, मग पुढे वाचा.

लॉगलाइन म्हणजे काय आणि सिनॉप्सिस किती ओळींचा, हे मी सांगत बसत नाही. ते सगळीकडे मिळतं. ज्या स्पर्धा तयार फिल्म न मागता कल्पना मागवतात आणि निवडलेल्या कल्पनेला पैसे किंवा कॅमेरा-एडिटिंगची सोय देतात, त्यांच्याबद्दल हे आहे. तिथे दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ लागतो, तीच व्हिडिओ पिच. कॅमेऱ्यासमोर बसायचं आणि काय बनवणार, कसं बनवणार, तुम्हीच का, हे सांगायचं. ऐकायला सोपं आहे. मला त्याने पुरेसं रडवलेलं आहे.

माझी गोष्ट सोलापूरची. एक विडी कामगार आजी. जन्मभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळल्या, त्यात बोटांच्या रेषा झिजल्या. आता रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर तिचा अंगठाच लागत नाही. नात तिला घेऊन दुकान, सेतू केंद्र, परत दुकान अशा चकरा मारते. पिचमध्ये मी इथवर आले, आवाज जरा खाली आणला आणि म्हणाले, "आजीला तिचं धान्य मिळतं का? त्यासाठी मात्र फिल्म पाहावी लागेल!" तेव्हा मला ते फार भारी वाटलं होतं.

निवड झाली नाही. पण त्या स्पर्धेने सहसा कुणी देत नाही अशी एक गोष्ट दिली, ती म्हणजे परीक्षकांचा शेरा. विषय चांगला आहे, पण शेवट सापडलेला दिसत नाही, अशा अर्थाचा. अहो, मला फिल्म सुचली तीच शेवटापासून! हाताला आराम दिला की काही आठवड्यांत कातडी भरून येते आणि रेषा पुन्हा उमटतात. म्हणजे अंगठा लागायला हवा असेल तर विड्या वळणं थांबवायचं. आजी थांबवते. अंगठा लागतो, धान्य मिळतं, आणि तेवढ्या आठवड्यांची मजुरी बुडालेली असते. धान्याची पिशवी कोपऱ्यात ठेवून ती सूप पुन्हा मांडीवर ओढते. (फिल्म नंतर होऊन गेली आहे, म्हणून इथे बिनधास्त सांगते.)

आता हा शेवट काढून उरलेलं वाचा. गरीब आजी, निर्दयी मशीन. असल्या गोष्टी परीक्षकांसमोर ढिगाने येतात. माझ्या गोष्टीत माझं स्वतःचं म्हणावं असं जे होतं, नेमकं तेच मी हातचं राखून ठेवलं होतं. ज्या पेचासाठी फिल्म करायची, तो पेच पिचमध्ये नव्हताच.

हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण वाचून पटतं आणि रेकॉर्डिंगला बसलं की हात आपोआप शेवट लपवण्याकडेच वळतो. परीक्षक हा प्रेक्षक नाही. प्रेक्षकाला उत्सुकता हवी असते. परीक्षकाला ठरवायचं असतं, की हिच्या हातात पैसे दिले तर ही फिल्म पुरी करेल का आणि ती बघण्यासारखी होईल का. त्याच्यापुढे एकामागोमाग एक व्हिडिओ चाललेले असतात. तुमचा सस्पेन्स त्याच्या लेखी सस्पेन्स नसतो, ती एक न भरलेली जागा असते. आणि न भरलेल्या जागेचा अर्थ तो एकच लावतो, की हिला अजून माहीत नाही. तुम्ही कितीही सूचक हसा, अर्थ तोच.

ही खोड आपल्याला लागते कुठून? एक म्हणजे ट्रेलर पाहून. दुसरं, आपल्यातले बरेच जण एकांकिकांमधून आलेले असतात. पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या तालमी ज्यांनी केल्यात त्यांना शेवटच्या ब्लॅकआउटचं महत्त्व सांगायला नको. तो आधी फुटला तर वर्षाची मेहनत पाण्यात. ती सवय रंगमंचावर बरोबर आहे, पिचमध्ये घातक आहे. तिसरं कारण कुणी उघड बोलत नाही, ते म्हणजे कल्पना चोरीला जाण्याची भीती.

त्या भीतीबद्दल थोडं स्पष्ट. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतोच. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे सांगून ठेवलं आहे. एका नाटककाराचं म्हणणं होतं की आपल्या नाटकावरून सिनेमा केला. न्यायालय म्हणालं, विषय आणि कल्पना कुणाच्या मालकीच्या नसतात, संरक्षण मिळतं ते मांडणीला. म्हणजे शेवट लपवून तुम्ही काहीच वाचवत नाही. "अंगठा न लागणारी आजी" एवढं तर तुम्ही सांगूनच बसलेले असता. वाचवायचं असेल तर पटकथा पूर्ण लिहा आणि पिच पाठवण्याआधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. सभासद व्हावं लागतं, काम ऑनलाइन होतं. हे एकदा केलं की मन निवांत होतं आणि बोलणंही सुटतं.

आणि शेवट खरंच सापडलेला नसेल तर? मग पिच शूट करू नका. मुदत उद्या असली तरी. "ओपन एंडेड ठेवणार आहे" ही पळवाट चालणार नाही. ओपन एंडेड फिल्मलाही शेवटचा शॉट असतोच ना, तो कोणता ते सांगा.

माझा नियम आता असा आहे : तीन मिनिटांच्या पिचमध्ये पहिल्या मिनिटातच गोष्ट शेवटासकट संपली पाहिजे. उरलेली दोन मिनिटं "तुम्हीच का" आणि "कसं बनवणार" यांची. लिहिताना एका मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरा, त्यापेक्षा जास्त कोंबले की घाई कळते.

गोष्ट संपली की बहुतेक जण "मला लहानपणापासून सिनेमाची आवड" सुरू करतात. कृपा करा. "तुम्हीच का" याचं उत्तर आवड हे नसून वाट हे असतं. तुमची कुठे ये-जा आहे, जी मुंबईतल्या कुणाला सहजासहजी मिळणार नाही? मी हीच गोष्ट दुसऱ्या खेपेला पिच केली तेव्हा सांगितलं, की माझी आत्या आजही विड्या वळते, शूटिंग तिच्याच घरात आहे, आणि आजीचं काम करणारी बाई पानं कापण्यापासून दोरा बांधण्यापर्यंत सगळं खरं करते, कॅमेऱ्यासाठी शिकलेली नाही. हे सांगताना मी बोटांचा एक क्लोज-अप दाखवला, मोबाइलवरच काढलेला, आठ-दहा सेकंदांचा. नखाच्या कडेला तंबाखूचा तपकिरी डाग आणि अंगठ्याचं पेर काचेसारखं गुळगुळीत. माझ्या सगळ्या वाक्यांपेक्षा त्या शॉटने जास्त काम केलं. तुमच्याकडे असा एक खरा शॉट असेल तर तो वापरा. नसेल तर नुसता तुमचा चेहरा पुरे, इंटरनेटवरचे सूर्यास्त घालू नका.

"कसं बनवणार" इथे लोक कॅमेऱ्याचं मॉडेल सांगतात. त्याने कुणी भारावत नाही. परीक्षकांमध्ये निर्मिती केलेला एक तरी माणूस असतो आणि त्याचं डोकं वेगळ्या गोष्टींवर चालतं. लोकल ट्रेनमध्ये सीन आहे? रेल्वेची परवानगी आणि तिचं शुल्क तुमच्या बजेटात आहे का? किल्ल्यावर शूट? पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे का ते पाहिलंत? फिल्ममध्ये लहान मूल आहे? त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते, दिवसाला पाच तासांच्या वर काम देता येत नाही, आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती द्यावीच लागते. माझ्या गोष्टीत नात होती. "नातीचे सगळे सीन सकाळच्या सत्रात लावलेत, परवानगीचा अर्ज तयार आहे" हे एक वाक्य मी घातलं, आणि मुलाखतीत एका परीक्षकाने ते नेमकं उचललं. बजेटचंही तसंच. बारा माणसं, दोन दिवस, दोन वेळचं म्हणजे अठ्ठेचाळीस जेवणं, चहा-नाश्ता वेगळा. हा आकडा ज्याच्या कागदावर नाही त्याने कधी शूट केलेलं नाही, हे निर्मात्याला लगेच कळतं.

आता शॉर्टकट. चॅटजीपीटीकडून लॉगलाइन लिहून घेणारे खूप आहेत. व्याकरण तपासायला घ्या, माझी ना नाही. पण त्यातून येणारी लॉगलाइन "परंपरा आणि आधुनिकतेच्या संघर्षात अडकलेली एक स्त्री" अशीच येते, आणि त्यात तुमची आजी कुठे असते? मूडबोर्डवर, म्हणजे फिल्म कशी दिसेल ते दाखवणाऱ्या चित्रांच्या तक्त्यावर, एआयची चित्रं लावणं त्याहून वाईट. सोनेरी प्रकाशाचे झोत पडलेलं ते घर दाखवलंत, की पुढचा प्रश्न ठरलेला : हा प्रकाश पत्र्याच्या खोलीत आणणार कसा? त्यापेक्षा खऱ्या खोलीचे सकाळी आणि दुपारी काढलेले दोन फोटो लावा.

आणि मेंटॉर. वीकेंडला हजारो रुपये घेऊन "पिचिंग मास्टरक्लास" करणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही, आणि ते बदलेल असं वाटत नाही. ते आत्मविश्वास शिकवतात. आत्मविश्वासाची टंचाई कुणाला आहे? टंचाई आहे ती ऐकणाऱ्याची. मला सगळ्यात उपयोगी पडला तो आमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला. त्याला पिच एकदा दाखवली आणि म्हटलं, आता गोष्ट मला परत सांग. त्याने जिथे "मग काहीतरी होतं..." म्हटलं, तिथे माझी पिच तुटलेली होती. सिनेमातल्या माणसाकडून हे होत नाही. तो रिकाम्या जागा मनातल्या मनात भरतो. हां, एखादा प्रॉडक्शन मॅनेजर ओळखीचा असेल तर त्याला चहा पाजा आणि बजेट दाखवा. तासाभरात तो जे काढेल ते कुठल्या क्लासात मिळणार नाही.

रेकॉर्डिंगचं घाबरू नका. चित्र जेमतेम असलं तर चालतं. आवाज जेमतेम असला तर नाही चालत. आमच्या शेजारी यंत्रमाग, त्यामुळे मी सुट्टीच्या दिवशी रेकॉर्ड केलं. पंखा बंद, फ्रिज बंद (नंतर आठवणीने चालू करा, आमचं दूध नासलं), समोरच्या भिंतीला गोधडी टांगलेली, खिडकी चेहऱ्यासमोर. कॉलर माइक नसेल तर दुसऱ्या फोनवर रेकॉर्डर चालू करून तो शर्टाच्या खिशात ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर एडिटिंगमध्ये व्हिडिओतली टाळी आणि रेकॉर्डरवरची टाळी जुळवा. फक्त एक लक्षात घ्या : बरेच फोन बदलत्या फ्रेम रेटने (सेकंदाला किती चित्रं, तो वेग) शूट करतात, त्यामुळे वेगळा आवाज जोडला की शेवटाकडे ओठ आणि शब्द फारकत घेतात. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून आधी फाइल स्थिर फ्रेम रेटची करून घ्या. सेल्फी कॅमेरा नको, मागचा वापरा. स्वतःला बघत बोललं की नजर लेन्सवर राहत नाही. टेलिप्रॉम्प्टरही नको, डोळ्यांची डावी-उजवी चाल दिसते आणि आपण बातम्या देतोय असं वाटतं. मुद्दे पाठ करा, वाक्यं नको. एखाद्या ठिकाणी अडखळलात तर राहू द्या.

नियमांनी मनाई केलेली नसेल तर मराठीतच बोला आणि इंग्रजी सबटायटल व्हिडिओतच कायमची चिकटवा, वेगळी फाइल देऊ नका. मोडक्या इंग्रजीत सांगितलेली आजी कुणाचीच आजी राहत नाही. गाणं लावू नका, एक ओळही. यूट्यूबवर हक्काचा दावा लागून व्हिडिओ अडकू शकतो, आणि नेमका परीक्षकाच्या स्क्रीनवर "उपलब्ध नाही" दिसलं तर दाद कुणाकडे मागणार?

लिंक "प्रायव्हेट" नको, "अनलिस्टेड" ठेवा. ड्राइव्हवर असेल तर लिंक असलेल्या कुणालाही उघडता येईल असं करा आणि ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत स्वतः उघडून पाहा. वेळ तीन मिनिटं म्हणजे नावांच्या पाट्यांसकट तीन मिनिटं.

फॉर्म भरताना अटींमधलं हक्कांचं कलम मात्र दोनदा वाचा. निवडलेल्या फिल्मचे हक्क त्यांचे, हे एक वेळ समजू शकतं, पैसे त्यांचे असतात. पण काही ठिकाणी "सादर केलेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे" असं लिहिलेलं असतं, म्हणजे निवड न झालेल्यांचेसुद्धा. असं दिसलं तर बक्षीस कितीही मोठं असो, तो फॉर्म बंद करा. स्पर्धा दर महिन्याला कुठे ना कुठे निघतात. तुमची पिच तयार असेल तर पुढच्या ठिकाणी नावाची पाटी बदलून तीच जाते, फक्त तिथली वेळेची मर्यादा तेवढी बघून घ्या.