अक्षर बारीक, भुरकट नाहीतर छाटलेलं दिसते? कॉम्प्युटरवर या चुका टाळा

आमचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावात. सातबारा, पीक विमा, शाळेचे दाखले, बचत गटाचा हिशोब, सगळं एकाच साडेअठरा इंची मॉनिटरवर चालते. फॉर्म पाठवायच्या आधी मी प्रत्येकाला खुर्चीमागं उभं करून आपलं नाव स्वतः वाचायला लावतो, कारण एकदा का नाव चुकलं की तालुक्याच्या चकरा त्यांनाच माराव्या लागतात, अन् त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. चष्मा घरी राहिलेले काका म्हणतात, "भाऊ, मले त काहीच दिसून नाही राहिलं, थोडं मोठं कर ना बाप्पा." आणि या "थोडं मोठं कर" मधेच अर्ध्या गडबडी होतात. कॉम्प्युटरमध्ये अक्षर मोठं करायच्या मुख्य जागा चार आहेत, चारही वेगवेगळ्या, आणि आपण घाईत जी सापडली ती दाबतो.

आधी दुखणं कुठं आहे ते पाहा

म्हणजे असं, की अक्षर बारीक फक्त एकाच प्रोग्राममध्ये दिसून राहिलं का? मग तो झूम आहे, बाकी काही नाही. सगळीकडंच बारीक आहे, खालच्या पट्टीतलं घड्याळसुद्धा वाचता येत नाही, तर ते विंडोजचं स्केलिंग, म्हणजे सगळंच एकदम लहान-मोठं करायची सेटिंग. सगळंच भुरकट, जाड, ओढल्यासारखं दिसते तर रिझोल्युशन, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं आहे, ते पाहा. आणि स्क्रीनवर ठीक पण कागदावर बारीक आलं तरच फॉन्ट साईज नाहीतर प्रिंटची सेटिंग. एवढं पाहायला दहा सेकंद लागतात, दुसरा एखादा प्रोग्राम उघडून बघायचा, बस. ते न पाहता जो फॉन्ट साईज वाढवतो त्याचं काय होते ते मी रोज पाहतो. अर्ज एका पानाचा होता, वाचायला बारीक वाटला म्हणून कंट्रोल ए मारून साईज १२ ची १८ केली, वाचून झालं, प्रिंट मारली, आणि सही दुसऱ्या पानावर एकटीच गेली. वाचण्यासाठी झूम असतो, कागदासाठी साईज. वर्डमध्ये उजव्या कोपऱ्यात खाली टक्के लिहिलेले असतात, ते २०० करा नाहीतर ५०, कागदावर काडीचाही फरक पडत नाही. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, हे माप कागदाचं आहे, तुमच्या डोळ्यांचं नाही.

झूमची आणखी एक गोष्ट. कंट्रोल बटण दाबलेलं असताना माउसचं चाक फिरलं की झूम बदलतो, आणि आपल्याला पत्ताच नसतो. कीबोर्डवर धूळ बसून कंट्रोल अडकलेलं असलं तर पान वर-खाली करायला गेलं की अक्षर लहान-मोठं होत राहते, आणि माणूस समजतो व्हायरस आला. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि शून्य दाबा, १०० टक्क्यांवर येते. क्रोम प्रत्येक साईटचा झूम वेगळा लक्षात ठेवतो, म्हणून एकच साईट बारीक आणि बाकीच्या बरोबर असं होऊ शकते. एक्सेलमध्ये झूम फाईलसोबतच सेव्ह होतो, म्हणून दुसऱ्यानं मोठ्या मॉनिटरवर ६० टक्क्यांत बनवलेला हिशोब आपल्याकडं मुंग्यांसारखा उघडतो. तिथंही फॉन्टला हात लावायचा नाही, झूमच वाढवायचा.

सगळ्यात मोठी चूक: रिझोल्युशन कमी करणं

ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली म्हणून जरा सविस्तर सांगतो. अक्षर मोठं दिसावं म्हणून डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १३६६ × ७६८ चं १०२४ × ७६८ करायचं. अक्षर मोठं होते, खरं आहे. पण हे जुने डब्बा मॉनिटर नाहीत, एलसीडी आहेत, एलसीडीमध्ये ठिपके मोजून बसवलेले असतात, आडवे १३६६ म्हणजे १३६६च. तुम्ही त्याला १०२४ ठिपक्यांचं चित्र दिलं की तीन ठिपक्यांचा माल चार ठिपक्यांत पसरवावा लागते, मग काठ कुठं काळा, कुठं करडा. इंग्रजी अक्षर त्यातूनही ओळखू येते, मराठीत मात्र घ आणि ध, भ आणि म, प आणि ष हे एका बारीकशा रेघेवर वेगळे होतात, आणि नेमकी तीच रेघ पुसट होते. शिवाय उंची तीच राहून रुंदी ताणली जाते, सगळी अक्षरं जाड्या माणसासारखी बसकी दिसतात. संध्याकाळी डोकं दुखायचं, मला वाटायचं उन्हाचं आहे.

उपाय सोपा आहे, डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, आणि रिझोल्युशनमध्ये ज्याच्यापुढं रेकमेंडेड लिहिलं आहे तेच ठेवायचं, कायमचं. फॉरमॅट मारून आणलेल्या मशीनवर कधी कधी तो आकडा यादीतच नसतो. तेव्हा डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडून पाहा, तिथं मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर लिहून असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र दाखवायला लागणारा प्रोग्राम, टाकायचा राहून गेला आहे. मॉनिटरला दोष देऊ नका, नवा घेऊ तर नकाच. आणि निळ्या टोकाची व्हीजीए केबल असेल तर मॉनिटरवरचं ऑटो बटण एकदा दाबून पाहा, कितीदा तेवढ्यानंच थरथरणारं अक्षर जागेवर बसते.

मग मोठं कुठून करायचं

त्याच डिस्प्ले सेटिंग्जमध्ये स्केल म्हणून आहे, १०० टक्के, १२५ टक्के, मोठ्या स्क्रीनवर १५०. हे रिझोल्युशन तसंच ठेवून अक्षर, बटणं, चिन्हं सगळं मोठं करते, काठ स्वच्छ राहतो. पण लहान मॉनिटरवर जपून. ७६८ ला सव्वानं भागलं की ६१४ च उरतात, म्हणजे उंची तेवढीच राहिली, आणि जुन्या बिलाच्या किंवा हिशोबाच्या प्रोग्रामची खिडकी त्यात मावत नाही, सेव्हचं बटण खाली पट्टीच्या मागं दबते. अशा वेळी घाबरून मशीन बंद करू नका, भरलेलं सगळं जाते. अल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, आणि वरच्या बाणानं खिडकी वर सरकवा, बटण दिसते. तिथं कस्टम स्केलिंगचा रकाना पण आहे, १०० ते ५०० पर्यंत आकडा घेतो, त्यात उगाच २५० वगैरे टाकून पाहू नका, परत येताना बटणच सापडत नाही.

मला विचाराल तर लहान मॉनिटरसाठी दुसरी जागा जास्त चांगली आहे. विंडोज १० मध्ये ईझ ऑफ अॅक्सेस, विंडोज ११ मध्ये अॅक्सेसिबिलिटी, आणि त्यात टेक्स्ट मोठं करायची पट्टी, १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत. ही फक्त अक्षर वाढवते, बाकी सामान तेवढंच. काही जुने प्रोग्राम तिला जुमानत नाहीत, पण फाईलींची नावं आणि सेटिंग्ज चांगल्या वाचता येतात.

आणि काकांना एकच ओळ दाखवायची असेल तर यातलं काहीच बदलायची गरज नाही. विंडोज बटण दाबून अधिकचं चिन्ह दाबा, भिंग उघडते, वाचून झालं की विंडोज बटण आणि एस्केप. माझ्या दुकानात दिवसातून वीसदा हेच होते.

स्केल वाढवल्यावर नवे प्रोग्राम स्वच्छ दिसतात पण एखादा जुना भुरकटतो, हा नेहमीचा अनुभव. स्केल बदलल्यावर आधी साइन आउट होऊन परत या, काही प्रोग्राम तेवढ्यानं सुधारतात. नाही सुधारला तर तो बंद करून त्याच्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, आणि खालच्या ओव्हरराइडवर टिक करून सिस्टीम एन्हान्स्ड निवडा. जमलं नाही तर तिथंच अॅप्लिकेशन निवडून पाहा, त्यानं काठ स्वच्छ होते पण अक्षर परत बारीक होऊ शकते. दोन्हीपैकी डोळ्याला काय चालते ते ज्याचं त्यानं ठरवायचं. स्टार्टमध्ये क्लिअरटाइप टाइप केलं की चार-पाच नमुने दाखवणारी खिडकी येते, तिथंही एकदा जाऊन या, मॉनिटर आपल्या मूळ रिझोल्युशनवर आहे की नाही हे ती स्वतःच सांगते.

टिंब आणि वेलांटी छाटली जाते तेव्हा

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. एका म्हाताऱ्या काकांचा वारसाचा अर्ज दुसऱ्या ठिकाणाहून टाइप होऊन आला होता, मी फक्त प्रिंट काढून दिली. काका बराच वेळ कागद डोळ्यापुढं धरून बसले आणि म्हणाले, "माह्या नावाचं टिंब कोठी गेलं बाप्पा?" फाईलमध्ये टिंब होतं. कागदावर नव्हतं. समजा नाव पांडुरंग असेल, तर कागदावर पाडुरग आलं होतं, असा प्रकार. मी त्या दिवशी नाव खोडून दोनदा परत टाइप केलं, दोन्ही वेळा टिंब गायब.

दोष फॉन्टचा नव्हता, ओळीच्या उंचीचा होता. वर्डमध्ये पॅराग्राफच्या खिडकीत लाइन स्पेसिंग असते, तिथं एक्झॅक्टली निवडून १२ पॉइंट लिहिलेलं होतं. इंग्रजी अक्षराला तेवढी उंची पुरते. आपल्या अक्षराला शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार, टिंब, आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय, म्हणजे वर-खाली दोन्हीकडं जागा लागते. उंची मोजून बांधून दिली की जे बाहेर जाते ते वर्ड छाटते. एक पान वाचवायला म्हणून लोक हे एक्झॅक्टली वापरतात आणि मग फॉन्ट बदलत बसतात. सगळा मजकूर निवडून कंट्रोल आणि १ दाबा, सिंगल स्पेसिंग होते, टिंब परत येते. पान वाचवायचंच असेल तर समास कमी करा.

एक्सेलमध्ये हेच दुखणं रांगेच्या उंचीचं. डावीकडच्या आकड्यांच्या मधल्या रेघेवर डबल क्लिक केलं की उंची अक्षराप्रमाणं होते, पण मर्ज केलेल्या, म्हणजे एकत्र जोडलेल्या, खान्यांना ते लागू पडत नाही, तिथं हातानं ओढावं लागते. बचत गटाच्या याद्यांमध्ये वरचं शीर्षक नेहमी मर्ज केलेलं असते आणि नेहमी तेच छाटलेलं असते.

आणखी एक, वर्डमध्ये कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची खिडकी उघडली की कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स म्हणून वेगळा रकाना दिसतो. मराठीचा फॉन्ट आणि साईज तिथली असते, वरची इंग्रजीची. वर १४ केलं, मराठी १० चीच राहिली, कारण खालचा रकाना तसाच.

कृतीदेवची फाईल आणि युनिकोडची फाईल

जुन्या अर्जाच्या फाईली कृतीदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये असतात, आणि आपल्या मशीनवर तो फॉन्ट नसला की इंग्रजी अक्षरांचा कचरा उघडतो. लगेच सगळं निवडून मंगल हा युनिकोडचा फॉन्ट देऊ नका, काही उपयोग नाही. कृतीदेवमध्ये आतून इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. आधी फॉन्ट टाकायचा, फाईलवर राइट क्लिक करून इन्स्टॉल, मग वर्ड बंद करून परत उघडायचं.

उलटी चूक जास्त नुकसानाची. पूर्ण यादी निवडून कृतीदेव दिला, की बँकेच्या खान्यातला आयएफएससी कोड मराठी अक्षरांत बदललेला दिसतो. कोणीतरी तो चुकला समजून पुसतो आणि अंदाजानं परत भरतो, मग पैसे अडकतात. तो आतून बरोबरच असतो राजेहो, तेवढाच खाना निवडून एरियल द्या, कोड जसाच्या तसा दिसते.

युनिकोडमध्ये मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठते. कन्व्हर्टरनं कृतीदेवचं युनिकोड केलं तर रफार आणि पहिली वेलांटी एक-एक तपासा. कृतीदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठते, म्हणून उलटसुलट होऊ शकते. आणि शेतकऱ्याचे हा शब्द हमखास शोधा, त्याचं शेतकर्याचे झालेलं असते. आमच्याकडच्या कागदांत हा शब्द प्रत्येक पानावर येतो. वकिलांच्या नावाआधीचा ॲ जुन्या मशीनवर चौकोन दिसतो, कारण हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीच्या फॉन्टांत ते नाहीच. काहीजण म्हणून ऍ टाइप करतात, पण कॉम्प्युटरला ही दोन वेगळी अक्षरं आहेत, एकानं शोधलं तर दुसऱ्याचं नाव सापडत नाही.

नोटपॅडमध्ये मराठी लिहून एएनएसआय या जुन्या पद्धतीत सेव्ह केलं की सगळी प्रश्नचिन्हं होतात, आणि ती कोणत्याही फॉन्टनं परत येत नाहीत, अक्षर खरोखर गेलेलं असते. सेव्ह अॅजमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८, म्हणजे युनिकोड साठवायची पद्धत, आहे का पाहून घ्या. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामानं खाने वेगळे केलेली साधी यादी, एक्सेलमध्ये डबल क्लिकनं उघडली आणि विचित्र चिन्हं दिसली तर मात्र बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो. सेव्ह न करता बंद करा, आणि डेटा मेनूतून फ्रॉम टेक्स्ट घेऊन यूटीएफ-८ निवडून उघडा.

त्या काकांचा अर्ज कंट्रोल आणि १ दाबून परत छापला. त्यांनी नखानं टिंबावर टोचून पाहिलं, आणि मगच सही केली.