झाडाची, बागेची तक्रार करताय? मग या चुका टाळा

जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला की आमच्या एरियाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर झाडांचे फोटो यायला लागतात, "कोणीतरी कळवा रे", "महापालिका झोपलीय का", आणि ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं असं बऱ्याच जणांना खरंच वाटतं. ग्रुपवर उद्यान खात्याचं कोणी नसतं हो. मुंबईत गेली बरीच वर्षं झाडांच्या आणि बागेच्या तक्रारी मी करतोय, शेजाऱ्यांना लिहून देतोय, आणि त्याच त्या चुका बघून आता खरंच वैताग आलाय.

पहिली चूक, झाड कुठलं तेच न सांगणं

"गार्डनसमोरचं मोठं झाड." अहो, गार्डनसमोर झाडांची अख्खी रांग आहे! पाहणीला येणाऱ्या माणसाकडे सगळा वॉर्ड असतो, तो तुमच्या मनातलं झाड कसं ओळखणार? आमच्याकडच्या एका आजोबांना गुलमोहराच्या बेचक्यात चीर दिसली, त्यांनी लगेच तक्रार केली, पण लिहिलं काय तर "बागेच्या गेटजवळचं झाड". बागेला गेट दोन. माणूस दुसऱ्या गेटला गेला, तिथलं जांभळाचं झाड ठणठणीत, फोटो काढला, तक्रार बंद. आजोबांना वाटलं बघून गेले म्हणजे काळजीचं काही नसेल, आणि त्या चिरलेल्या फांदीखाली रोज शाळेच्या बसची वाट बघत पोरं उभी राहत होती. नंतर आम्ही बाजूच्या दिव्याच्या खांबाचा नंबर टाकून परत लिहिलं आणि ती फांदी उतरवून घेतली.

म्हणून खांबाचा नंबर लिहा, आणि झाडावर महापालिकेच्या वृक्षगणनेच्या वेळचा रंगवलेला नंबर असेल तर तोही लिहा. मी कायम दोन फोटो लावतो, एक लांबून, ज्यात बिल्डिंगच्या नावाची पाटी आणि अख्खं झाड दिसेल, आणि दुसरा नेमक्या दुखण्याचा, अगदी जवळून. नुसत्या पानांचा फोटो काही कामाचा नाही.

दुसरी, "झाड तोडा" असं लिहिणं

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, त्याप्रमाणे तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, पाहणी होते, झाडावर नोटीस लागते, लोकांच्या हरकती मागवतात, आणि झाड तुमच्या कंपाउंडमधलं असलं तरी यातून सुटका नाही. एक सुकी फांदी उतरवायची असताना तुम्ही "तोडा" लिहिलंत की तुमचा अर्ज उगाच त्या लांबच्या रस्त्याला लागतो. काय दिसतंय तेवढं लिहा, काय करायचं ते त्यांना ठरवू दे.

मागच्या रस्त्यावरच्या एका सोसायटीत पार्किंगवर मोठा पर्जन्यवृक्ष होता. गाड्यांवर पानं पडतात, पक्षी घाण करतात, एवढीच खरी तक्रार, पण अर्जात "अतिधोकादायक झाड, तातडीने तोडावे". अधिकारी आले, बघून म्हणाले झाड चांगलं आहे, दोन्ही बाजूंनी हलकी छाटणी करू, रीतसर परवानगी घ्या. कमिटीला एवढा दम कुठला! रविवारी सकाळी कोयतेवाला बोलावला आणि पार्किंगच्या बाजूच्या सगळ्या फांद्या बुंध्यापासून साफ. त्याच बाजूला आधी पेव्हर ब्लॉक बसवताना मुळंही तोडलेली. म्हणजे सगळा भार रस्त्याकडे आणि धरून ठेवायला मागे काहीच नाही. जुलैत वाऱ्यासकट पाऊस आला त्या रात्री अख्खं झाड मुळासकट रस्त्यावर आडवं, खाली उभी असलेली एक रिक्षा चेपली. माणूस कोणी नव्हता म्हणून वाचलो. त्या रिक्षावाल्याचं घर त्या रिक्षावर चालत होतं, आणि एवढं सगळं गाड्यांवर पानं पडतात म्हणून.

पेव्हरचा विषय निघालाच आहे तर, बुंध्याला लागून काँक्रीट असेल तर तीही तक्रारच आहे, ती करा. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीच्या बाबतीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. तेवढी माती मोकळी दिसली नाही की मी लिहितो.

अर्जात काय लिहायचं विचारतात लोक. लटकलेली किंवा सुकी फांदी, बुंध्याशी उगवलेली अळंबी, खोडाची ढोली, केबलसाठी नुकताच खोदलेला चर. आणि झाड एकीकडे झुकलेलं असून उलट्या बाजूची माती उचललेली, भेगाळलेली दिसली तर थांबूच नका, त्याच दिवशी फोन करा. नुसतं झुकलेलं झाड मात्र कित्येक वर्षं तसंच सुखात उभं असू शकतं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. छाटणीचा अर्ज जूनमध्ये करू नका, फेब्रुवारी-मार्चमध्येच द्या, पावसात ती माणसं पडलेली झाडं उचलत असतात. झाड पडलंच तर महापालिकेच्या हेल्पलाइनला 1916 किंवा अग्निशमन दलाला 101, तिथे अॅपवर फॉर्म भरत बसू नका. वायरवर पडलं असेल तर जवळ जायचं नाही, फांदीला हात लावायचा नाही, वीज कंपनीला आधी फोन. सोसायटीच्या आवारातलं झाड ही सोसायटीची जबाबदारी, परवानगी आणि खर्च दोन्ही. एकाच अर्जात झाड, दिवा, गटार आणि कुत्री घालू नका, अर्ज एका खात्यात जातो आणि बाकीचं तिथेच राहतं.

बागेचंही तेच. "खेळणी खराब आहेत" म्हणजे काय? झोपाळ्याची साखळी जिथे आडव्या दांडीला अडकवलेली असते तो हुक झिजून पातळ होतो, मुलाच्या वजनाने तिथेच तुटतो, त्याचा जवळून फोटो काढा आणि डावीकडून कितवा झोपाळा ते लिहा. मी तर आधी वॉचमनला सांगून तो झोपाळा वर गुंडाळून बांधायला लावतो, मगच घरी येऊन तक्रार लिहितो.

तक्रार ऑनलाइन केलीत तरी गंभीर असेल तर एक कागद वॉर्ड ऑफिसच्या आवक टेबलला द्या आणि आपल्या कॉपीवर शिक्का मारून पोच घ्या. काम न होता "निकाली" असा मेसेज आला की लोक चिडून नवी तक्रार टाकतात, तसं केलं की आधीचा सगळा इतिहास तुटतो. जुना नंबर आणि पोचची तारीख लिहून, त्याच दिवशीचा ताजा फोटो लावून, तीच तक्रार परत उघडायला सांगा, आणि तरीही हललं नाही तर माहिती अधिकारात पाहणीचा अहवाल मागा, त्यांना 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.