पावसात रोप टिकेना, म्हणून उन्हाळ्यातच छोटे कांदे धरले

आमच्या परसात जून-जुलैला टाकलेलं कांद्याचं रोप मरीने, म्हणजे रोप कोलमडवणाऱ्या बुरशीजन्य रोगाने, बसायचं. बुडाशी पाणचट व्हायचं, ओढलं की मूळ मातीतच. गादीवाफा उंच केला, ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी वापरली. थोडा फरक पडला, पण झड लागली की पुन्हा तेच.

मग रोपाचं काम पावसाआधीच उरकायचं आणि पावसात रोपाऐवजी छोटे कांदेच लावायचे ठरवलं. जानेवारीच्या शेवटी 'ॲग्रीफाउंड डार्क रेड' हे खरिपाचं बी वाफ्यात दाट टाकलं. दाटच हवं, विरळ झालं तर कांदे फुगतात. एप्रिलअखेर पाणी तोडलं, पातीसकट उपटले आणि जुड्या बांधून हवेशीर पडवीत टांगल्या. ऑगस्टच्या मध्याला त्यातले बोराएवढे, 1.5 ते 2 सेंटिमीटरचे, निवडले. मोठ्यांना डेंगळे (फुलांचे दांडे) फार येतात. ते मोठे कांदे सरळ स्वयंपाकघरात. वरंब्यावर 10 सेंटिमीटर अंतराने, शेंडा जेमतेम झाकेल इतकेच खोल लावले.

कोवळं रोपच नाही, त्यामुळे मरीचा प्रश्न मिटला. नोव्हेंबरात, बाजारात जुना कांदा संपत आलेला असतो तेव्हा, घरचा लालबुंद कांदा हाताशी आला. जांभळा करपा, म्हणजे पातीवर जांभळट डाग पाडणारा बुरशीजन्य रोग, मात्र यातही येतो; डाग दिसला की ती पात लगेच काढून टाका.